दोन फळ्या, एक बिजागरी आणि ध्रुवतारा : ताऱ्यांच्या फोटोसाठी घरचा ट्रॅकर

कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, ५० मिमीची लेन्स मृग नक्षत्राकडे रोखली आणि तीस सेकंद शटर उघडं ठेवलं, की फोटोत तारे येत नाहीत, तांदूळ येतात. लांबट, सगळे एकाच दिशेला कललेले. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते, त्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं (अंशाचे ३६०० भाग केले तर एक भाग म्हणजे विकला). साध्या डीएसएलआरचा पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा असतो आणि ५० मिमी लेन्समागे तो १६-१७ विकलांचं आकाश टिपतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचे सगळे हिशेब त्यावरच आहेत.

यावरचा उपाय दोन फळ्यांचा. वहीच्या दोन पुठ्ठ्यांसारख्या त्या बिजागरीने जोडायच्या, बिजागरीचा दांडा आकाशाच्या ध्रुवाकडे रोखायचा आणि आकाश ज्या गतीने फिरतं त्याच गतीने वरची फळी स्क्रूने हळूहळू उघडत न्यायची. कॅमेरा वरच्या फळीवर. जॉर्ज हेग या स्कॉटिश हौशी निरीक्षकाने १९७५ मध्ये ही रचना लोकांपुढे मांडली, म्हणून तिला स्कॉच माउंटही म्हणतात. जास्त चालणारं नाव बार्न डोअर ट्रॅकर.

नवखा माणूस इथे दोन गोष्टींच्या मागे लागतो : मिलिमीटरच्या दशांशापर्यंत अचूक माप आणि मोटर. मीही लागलो होतो. खरं तर फोटो बिघडतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींनी. एक, ध्रुवाचा नेम चुकणं. दोन, लाकूड डुगडुगणं. बिजागरीपासून स्क्रूपर्यंतची लांबी एक मिलिमीटरने चुकली तर दोन मिनिटांत ८ विकलांचा फरक पडतो, म्हणजे ५० मिमी लेन्सला अर्धा पिक्सेल. ध्रुव दोन अंशांनी चुकला तर तेवढ्याच वेळात ६० विकलांपर्यंत घसरण होऊ शकते, म्हणजे जवळजवळ चार पिक्सेल. काळजी कशाची करायची ते यावरून ठरवा.

सामान

१८ मिमी प्लायचे ३० × १५ सेंमीचे दोन तुकडे. सुताराच्या दुकानात उरलेल्या तुकड्यांत मिळून जातात. १२ मिमीचं प्लाय घेऊ नका. माझा पहिला ट्रॅकर त्याचाच होता. कॅमेरा ठेवला की फळी वाकायची आणि सोडली की हलायची.

१५ सेंमी लांबीची पट्टी बिजागरी, म्हणजेच पियानो बिजागरी. दाराच्या दोन सुट्या बिजागऱ्या लावू नका, त्या एका रेषेत बसवता बसवता संध्याकाळ जाते. विकत घेतानाच दोन्ही पाती धरून आडवी हलवून बघा. खुळखुळली तर दुसरी मागा.

एम६ मापाचा पूर्ण आट्यांचा रॉड, १२ सेंमी. त्याचे चार-पाच नट, मोठे वॉशर आणि एक डोम नट, म्हणजे गोल टोपीचा नट. एक छोटं बॉल हेड, म्हणजे कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून घट्ट करता येतो ती गोळ्याची बैठक. एक जुनी सीडी. एम-सील, लाकडाचे स्क्रू, जाड रबरबँड, बॉलपेनची रिकामी नळी किंवा उसाच्या रसाबरोबर मिळते तशी स्ट्रॉ.

हार्डवेअरच्या दुकानात एक गोची होते. एम६ मागितला तरी कधीकधी दोन सुती, म्हणजे पाव इंची रॉड हातात पडतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एम६ ला दर आट्याला १ मिमी सरकतं, दोन सुतीला १.२७ मिमी. ओळखायला पट्टी लावून दहा आटे मोजा. बरोबर १० मिमी भरले तर एम६. दोन सुतीच पदरात पडला तर बिघडत नाही, फक्त पुढे सांगितलेलं अंतर २९० मिमी धरा आणि फळ्या ३६ सेंमीच्या घ्या. गंमत म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाचा स्क्रू मात्र दोन सुतीच असतो आणि बऱ्याच बॉल हेडांच्या तळाला तीन सुती लागतो. तेव्हा बॉल हेड खिशात घालूनच दुकानात जा आणि तिथेच बोल्ट फिरवून बघा.

माप कुठून आलं

आकाशाची एक फेरी १४३६ मिनिटांची. आपण रॉड मिनिटाला एक फेरा फिरवणार, म्हणजे फळी मिनिटाला १ मिमी वर उचलली जाणार. तशीच ती फिरत राहिली असती तर १४३६ मिमी परिघाचं वर्तुळ झालं असतं. त्याची त्रिज्या २२८.६ मिमी. बिजागरीच्या दांड्याच्या मध्यापासून रॉडच्या मध्यापर्यंत हे अंतर हवं. सुताराला सांगायचं तर बरोबर नऊ इंच. हा निव्वळ योगायोग आहे, पण सोयीचा.

जोडणी

दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून १५ सेंमीच्या एका कडेला बिजागरी लावा. स्क्रू घट्ट करण्याआधी फळ्या उघडमीट करून बघा, कुठे अडकायला नको. मग दांड्याच्या मध्यापासून खालच्या फळीवर नऊ इंचांवर खूण करा. फळीच्या कडेपासून मोजू नका, नेहमीची चूक तीच. खूण फळीच्या रुंदीच्या मधोमध हवी.

तिथे रॉड सैल जाईल असं साडेसहा-सात मिमीचं भोक पाडा. रॉडवर एक नट चढवून तो भोकाच्या तोंडाशी खालून बसवा आणि भोवती एम-सील थापा. एम-सील ओलं आहे तोवर गुण्या लावून रॉड फळीला काटकोनात आहे का ते दोन बाजूंनी बघा आणि तसाच आधार देऊन रात्रभर सोडून द्या. आट्यांना आधी थोडं तेल लावलं तर एम-सील रॉडला चिकटत नाही. रॉड सरळ आहे ना, हे त्याआधीच काचेवर लोळवून तपासायचं. वाकडा रॉड दर फेऱ्याला फळीला एक हिसका देतो.

रॉडच्या वरच्या टोकाला डोम नट. तो वरच्या फळीच्या खालच्या अंगाला जिथे टेकतो तिथे स्टीलच्या पट्टीचा गुळगुळीत तुकडा चिकटवा, नाहीतर नट प्लायमध्ये खड्डा करतो. डोम नट आणि पट्टी मावण्यापुरती फट फळ्यांत राहील, राहू द्या. खालच्या टोकाला सीडी, दोन मोठ्या वॉशरांच्या मध्ये नटांनी आवळून. सीडीवर घड्याळाच्या तबकडीसारख्या बारा खुणा करा आणि फिरवायच्या दिशेचा बाण काढा. तळाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर रॉड वर चढतो. अंधारात हे आठवत नाही, बाण हवाच.

बॉल हेड वरच्या फळीवर बिजागरीपासून सहा-सात सेंमीवर बसवा. तितकं जवळ असलं की रॉडवर भार कमी येतो. बोल्टचं डोकं फळीत बुडवा, नाहीतर ते खालच्या फळीला अडेल. शेवटी दोन्ही फळ्यांभोवती रबरबँड. वाऱ्याच्या झुळकेने वरची फळी उचलली जाऊ नये म्हणून.

पाचर : इथे आपल्याला फायदा आहे

बिजागरीचा दांडा क्षितिजापासून किती वर रोखायचा? जितके तुमचे अक्षांश तितके अंश. परदेशी आराखड्यांत फळ्या ४५-५० अंशांत उभ्या दिसतात आणि त्यांना भक्कम ट्रायपॉड लागतो. महाराष्ट्रात हा कोन १६ ते २२ अंशांचा. ट्रॅकर जवळजवळ आडवाच झोपतो. म्हणून ट्रायपॉड विसरा. लाकडाची एक पाचर बनवा आणि ती स्टुलावर किंवा गच्चीच्या रुंद कठड्यावर ठेवा. डुगडुगण्याचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

पाचरीचा पाया ३० सेंमी लांब धरला तर उंच टोक पुण्यासाठी १० सेंमी, मुंबईसाठी १०.४, नागपूरसाठी ११.६, कोल्हापूरसाठी ९, पणजीसाठी ८.३ सेंमी. पुणेकरांना कोनमापकही नको, एकास तीनचा उतार.

पाचरीचं उंच टोक उत्तरेला येणार. बिजागरी उताराच्या दिशेला समांतर ठेवून खालची फळी पाचरीच्या वरच्या भागावर स्क्रूंनी बसवा, आणि अशी बसवा की बिजागरीची बाजू पाचरीवर राहील आणि रॉडची बाजू बाहेर लोंबेल. सीडी फिरवायला खाली मोकळी जागा लागते, म्हणून पाचर स्टुलाच्या पूर्वेच्या कडेला ठेवायची आणि ती उलटू नये म्हणून मोकळ्या भागावर एक वीट.

आता सगळ्यात महत्त्वाचं : उत्तरेकडे तोंड करून बघताना बिजागरी डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला हवी. तारे पूर्वेकडून वर चढतात, फळीचं पूर्वेकडचं टोकही तसंच वर उचललं गेलं पाहिजे. मी पहिल्या रात्री बिजागरी उजवीकडे ठेवून बसलो होतो. तासभर इमानाने सीडी फिरवली. घरी येऊन बघतो तर ताऱ्यांच्या रेषा नुसत्या ट्रायपॉडवर आल्या असत्या त्याच्या दुप्पट लांब.

बिजागरीच्या दांड्याला अगदी समांतर अशी नळी खालच्या फळीच्या बाजूला चिकटवून टाका. हाच आपला ध्रुवदर्शक. २० सेंमी लांब आणि ६ मिमी रुंद स्ट्रॉमधून जेमतेम पावणेदोन अंशांचं आकाश दिसतं. त्यात ध्रुवतारा मधोमध आणला की नेम अंशाभरात बसला. ध्रुवतारा स्वतः खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच बाजूला आहे, पण ५० मिमीपर्यंतच्या लेन्सला ते चालून जातं.

ध्रुव शोधणं

कोन कमी असण्याचा तोटाही इथेच. आपला ध्रुवतारा क्षितिजापासून हात ताणून धरलेल्या एका वितीपेक्षाही जरा खालीच असतो. समोर डोंगर, नारळीची झाडं किंवा शेजारची इमारत आली की संपलं. धुरकट हवेत तो दिसतच नाही. म्हणून जागा निवडताना आधी उत्तर क्षितिज बघायचं, मग बाकीचा काळोख. सह्याद्रीत कड्याच्या पायथ्याशी तंबू ठोकला आणि कडा उत्तरेला निघाला, अशी एक अख्खी अमावस्या माझी गेली आहे. मुंबईकर निरीक्षकांचं जुनं ठिकाण वांगणी. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. पण पहिल्या चार रात्री गावाबाहेरची साधी गच्ची पुरते.

पुस्तकं सांगतात, सप्तर्षीतल्या क्रतू आणि पुलह यांना जोडणारी रेषा वाढवा, ध्रुव सापडेल. एप्रिल-मेच्या संध्याकाळी हे अगदी खरं. पण नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी आपल्याकडे सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एमसारखा आकार शोधा. त्याची उघडी बाजू ध्रुवाकडे असते.

ध्रुव अजिबातच दिसत नसेल तर होकायंत्र. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, हे आपलं नशीब. फक्त होकायंत्र किंवा फोन रॉड-बिजागरीपासून लांब धरा, लोखंड सुईला ओढतं. स्टूल सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हलने बघा, उंचीचा कोन पाचर देईलच. होकायंत्राच्या नेमावर मात्र २४ मिमीच्या वर जाऊ नका.

फोटो घेताना

फळ्या जवळजवळ मिटलेल्या, रॉड नुकता टेकलेला, इथून सुरुवात. कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर, फाइल रॉ, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा मोठा करून, व्याध किंवा रोहिणी, आणि नंतर फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी. ५० मिमीची एफ १.८ लेन्स असली तरी एफ २.८ वर आणा, कडेचे तारे सुधारतात. आयएसओ ८०० ते १६००. कॅमेरा रोखताना ध्रुवाचा नेम हलला नाही ना, नळीतून पुन्हा बघा. लोक हे विसरतात.

आधी हाताने फिरवायला लागा, दहा सेकंदांनी शटर उघडा, म्हणजे आट्यांतली ढिलाई निघून गेलेली असते. शटरला रिमोट असू द्या.

फिरवायचं कसं? ‘दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा’ असा सल्ला ठिकठिकाणी दिला जातो. तो मला पटत नाही. पंधरा सेकंदांत आकाश २२५ विकला पुढे गेलेलं असतं, ५० मिमीला तेरा-चौदा पिक्सेल. तुम्ही मागाहून उडी मारून त्याला गाठता, पण रेष तोवर उमटलेली असते. सीडीची कडा दोन बोटांत धरून सेकंदकाट्याबरोबर ती अखंड सरकवत राहायची. फोनवर मोठा सेकंदकाटा, लाल उजेडात. एक सेकंद मागेपुढे झालात तर चूक एक पिक्सेलची, ती खपते. २४ मिमीला पिक्सेल ३४ विकलांचा असतो, तिथे दोन सेकंदही खपतील. म्हणून पहिली रात्र २४ किंवा किट लेन्सच्या १८ मिमीने काढा.

एका फोटोला एक मिनिट, फार तर दोन. सरळ रॉडमुळे फळी हळूहळू मागे पडत जाते. दहा मिनिटांत ही पिछाडी फक्त ६ विकला असते, विसाव्या मिनिटाला ४५ च्या आसपास. तेव्हा दर पंधरा मिनिटांनी आटे उलटे फिरवून फळ्या मिटवा आणि नव्याने सुरू करा. एकाच भागाचे वीस-तीस फोटो, शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगचे पंधरा काळे फोटो, आणि घरी सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकरमध्ये ते एकत्र करायचे. दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत.

रेषा वाचणं

पहिल्या रात्री तारे गोल येणार नाहीत. पण रेषेवरून चूक कळते. एक युक्ती करा : दीड मिनिट फिरवून हात थांबवा आणि शटर आणखी वीस सेकंद उघडंच ठेवा. प्रत्येक ठळक ताऱ्याला एक छोटी शेपटी फुटेल. ती शेपटी पूर्व-पश्चिम दिशा दाखवते. आता ताऱ्याचं मूळ डोकं बघा. ते शेपटीच्या काटकोनात लांबलं असेल तर ध्रुवाचा नेम चुकला आहे, रॉडला हात लावू नका. शेपटीच्याच रेषेत लांबलं असेल तर बहुतेक गती चुकली, नऊ इंच पुन्हा मोजा किंवा हात घाईत होता का ते आठवा. वेडंवाकडं नागमोडी असेल तर काहीतरी ढिलं आहे : बिजागरी, बॉल हेड किंवा स्टुलाचा पाय.

चाचणीला मृगच घ्या. त्याच्या पोटातले बाणाचे तीन तारे खगोलीय विषुववृत्ताजवळ आहेत, तिथे तारे सर्वांत वेगाने सरकतात. मृग गोल आला तर बाकी आकाश सोपं. कृत्तिकांचा पुंजका, नोव्हेंबरच्या संध्याकाळी देवयानी दीर्घिका, आणि एप्रिल-मेच्या उत्तररात्री वृश्चिक-धनूमधली आकाशगंगा, हे सगळं या दोन फळ्यांच्या आवाक्यातलं आहे. २०० मिमीची झूम नाही. तिथे पिक्सेल ४ विकलांचा होतो आणि हाताची प्रत्येक थरथर दिसते.

मोटर, हवी असेल तर

चार-पाच रात्री हाताने काढल्यावरच. २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी), तिचा यूएलएन२००३ ड्रायव्हर, एक अर्डुइनो (मोटरला हुकूम देणारं छोटं सर्किट बोर्ड) आणि पॉवर बँक. अर्ध्या पावलांच्या पद्धतीत या मोटरचा एक फेरा साधारण ४०७६ पावलांचा असतो, म्हणून दोन पावलांत १४.७ मिलिसेकंद ठेवले की मिनिटाला एक फेरा. तरी घड्याळ लावून दहा फेरे मोजा आणि आकडा जुळवून घ्या.

अडचण अशी की रॉड फिरता फिरता वरही चढतो, म्हणून मोटर फळीला पक्की करता येत नाही. ती कपलिंगने रॉडच्या खालच्या टोकालाच लटकवायची आणि तिचा एक कान खालच्या फळीतून सोडलेल्या लांब बोल्टला टेकवायचा. मोटर स्वतःभोवती फिरत नाही, पण बोल्टला घासत वर सरकते. आट्यांना थोडं ग्रीस लावा, तिची ताकद बेताचीच असते.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लेन्सवर दव बसतं, दर अर्ध्या तासाला टॉर्च मारून बघा आणि कोरडं फडकं जवळ ठेवा. जूनच्या आधी फळ्यांना वॉर्निशचे दोन हात द्या, कडांना तीन. प्लाय पाणी पितं ते कडांतून. रॉडला तेल, बिजागरीला तेल, आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर. पावसाळ्यानंतर खाली काढलं की फोटो घेण्याआधी नऊ इंच एकदा पुन्हा मोजा.